मांजराला पुन्हा पुन्हा उन्हाळी लागते आणि तपासणीत जंतू सापडत नाहीत: काय तपासायचं, घरात काय बदलायचं

दर दोन-तीन महिन्यांनी तेच. मांजर ट्रेमध्ये जातं, बसून राहतं, चार थेंब येतात, बाहेर येऊन पाच मिनिटांनी परत जातं. कधी बाथरूमच्या मोरीत, कधी बेसिनमध्ये, कधी थेट गादीवर. पांढऱ्या लादीवर गुलाबी ठिपका दिसतो. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, आठवड्यात सगळं थांबतं, औषध लागू पडलं असं वाटतं. मग गणपती येतात, किंवा वरच्या मजल्यावर लादी फोडायला सुरुवात होते, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दहा वर्षांखालच्या मांजरांच्या लघवीच्या तक्रारींमागे निम्म्याहून जास्त वेळा जंतूही नसतात आणि खडाही नसतो. मूत्राशयाला सूज मात्र असते. डॉक्टर याला फेलाइन इडियोपॅथिक सिस्टायटिस, थोडक्यात एफआयसी म्हणतात. घरातच राहणारी, कोरडं खाणं खाणारी, थोडी जाड आणि स्वभावाने भित्री मांजरं यात जास्त सापडतात. हा झटका काहीही केलं नाही तरी साधारण पाच ते सात दिवसांत ओसरतो. अँटिबायोटिकचा कोर्सही तेवढाच असतो, म्हणून श्रेय त्याला मिळतं. जंतू नसताना तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तोच कोर्स देण्यात अर्थ नाही. बदलायचं आहे ते घर.

पण आधी हे: बोका जोर करतोय आणि काहीच येत नाही

बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. सुजेमुळे, स्फटिक आणि चिकट स्राव यांच्या गुठळीमुळे किंवा बारीक खड्यामुळे तो पूर्ण बंद होऊ शकतो. मग लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. 24 ते 48 तासांत जिवावर बेततं. त्यामुळे पुन्हा पुन्हा जोर करणं, ओरडणं, लिंगाची जागा सतत चाटणं, ट्रे मात्र कोरडा, अशी लक्षणं असतील तर सकाळची वाट पाहायची नाही. उलट्या सुरू झाल्या किंवा बोका मलूल पडला, तर वेळ फारच थोडा उरलेला असतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. जोर करताना पाहून त्याला बद्धकोष्ठता झाली असं समजून एरंडेल किंवा लॅक्सेटिव्ह पाजलं जातं. आणि पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न होतो. भरलेलं मूत्राशय दाबल्याने फुटू शकतं.

रात्री कुठे जायचं हे आज, मांजर बरं असतानाच ठरवा. जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करून नेमकं विचारा: ‘रात्री बोक्याला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून ठेवून घेता का?’ ‘चोवीस तास’ असं पाटीवर लिहिलेलं असणं वेगळं आणि रात्री दोनला भूल देऊ शकणारा डॉक्टर हजर असणं वेगळं. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयापर्यंत न्यायची वेळ आली तर ठाण्याहून किंवा वाशीच्या पुलावरून लागणारा वेळ हिशेबात धरा. मांजरीत मूत्रमार्ग बंद होणं विरळा, पण पूर्ण दिवस लघवीच नाही असं दिसलं तर तिलाही थांबवून ठेवू नका.

एफआयसीच आहे हे कसं कळणार

थेट सिद्ध करणारी एकही तपासणी नाही. बाकीची कारणं वगळत जायचं असतं. लघवीची तपासणी, एक्स-रे किंवा सोनोग्राफी, आणि परत परत होत असेल तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी), एवढं एकदा तरी नीट व्हायला हवं. स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट हे दोन्ही नेहमीचे खडे साध्या एक्स-रेत दिसतात. कल्चरसाठी ट्रेमधली लघवी चालत नाही. डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, मांजरं मात्र सहसा मुकाट्याने करून घेतात.

साध्या तपासणीसाठी घरी नमुना घ्यायचा तर रिकाम्या, धुतलेल्या ट्रेमध्ये मत्स्यालयाचे स्वच्छ धुऊन वाळवलेले खडे पसरा आणि साचलेली लघवी बिनसुईच्या सिरिंजने ओढून घ्या. शक्य तितक्या लवकर, तासाभरात लॅबला पोचवा. नमुना पडून राहिला किंवा फ्रिजमध्ये थंड झाला की बाटलीतच स्फटिक तयार होतात, आणि मग रिपोर्टवर ‘क्रिस्टल्स’ वाचून नसलेल्या मूतखड्यावर उपचार सुरू होतात. थोडे स्ट्रुव्हाइट स्फटिक निरोगी मांजरातही दिसतात. रिपोर्टमधला ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’, म्हणजे लघवी किती दाट आहे, हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

अजून एक फरक. उभं राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर मारलेली फवारणी म्हणजे हद्द आखणं. त्यात लघवीला बसताना त्रास दिसत नाही आणि उपाय वेगळा असतो. नसबंदी झालेली नसेल तर तिथूनच सुरुवात. एफआयसीत मांजर खाली बसतं, थोडी थोडी करतं आणि बहुधा थंड, गुळगुळीत जागा शोधतं, कारण ट्रेची आणि दुखण्याची सांगड त्याच्या डोक्यात बसलेली असते.

भीतीचा मूत्राशयाशी काय संबंध

या मांजरांची ताणाची यंत्रणा एकांगी झालेली असते. चेतासंस्थेचा ‘पळ किंवा लढ’ म्हणणारा भाग जोरात चालतो, त्याला आवर घालणारं कॉर्टिसोल मात्र हवं तितकं वाढत नाही. मूत्राशयाच्या आतल्या थराचं संरक्षक आवरण विरळ होतं, दाट लघवीतले घटक भिंतीतल्या मज्जातंतूंना झोंबतात, सूज येते. सुजेचं दुखणं हा नवा ताण. ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी या प्रकाराला ‘पँडोरा सिंड्रोम’ नाव दिलं, कारण अशाच मांजरांना पोटाचे, त्वचेचे त्रासही होताना दिसत होते. त्यांच्या गटाने 2006 मध्ये 46 घरगुती मांजरांवरचं काम प्रसिद्ध केलं: मालकांना घरातले बदल सुचवले, दहा महिने पाठपुरावा केला. लघवीच्या तक्रारी कमी झाल्याच, भित्रेपणाही कमी झाला.

माणसाला क्षुल्लक वाटणारी गोष्ट मांजराला मोठी असते. जेवणाची वेळ चुकणं, रोज खायला देणारा माणूस चार दिवस गावाला जाणं, नवा सोफा. सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. प्रत्येक झटक्याची तारीख लाल शाईने लिहा आणि आधीच्या आठवड्यात घरात, इमारतीत काय घडलं ते बाजूला. सण तर त्यावर छापलेलेच असतात. तीन-चार नोंदी झाल्या की बहुतेक घरांत माळ दिसू लागते: पाडव्याची शोभायात्रा, मे महिन्यातले पाहुणे, ढोल-ताशाचा सराव, दिवाळी पहाटेला ठाण्यात राम मारुती रोडवरची गर्दी. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांच्या यादीत मेट्रोचं काम येतं, नेरुळ-वाशीच्या जुन्या सिडको इमारतींत दुरुस्ती आणि पुनर्विकासाचं ड्रिलिंग.

ट्रे: सर्वाधिक घोळ इथेच असतो

आपल्याकडे ट्रे ठेवायची ठरलेली जागा म्हणजे ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनला खेटून. मांजर आत बसलेलं असताना मशीन स्पिनला लागलं, की त्या ट्रेची धास्ती कायमची बसते. दुसरी आवडती जागा बाथरूम, जिथे सकाळी दोन तास दार बंद असतं आणि नंतर लादी ओली. ट्रे हवा कोरड्या, शांत जागी, शक्यतो जिथून दोन बाजूंनी निसटता येईल असा. हॉलचा कोपरा किंवा बेडरूममधली खिडकीखालची जागा. घराच्या शोभेला बाधा येते हे खरं, पण गादीपेक्षा बरं.

संख्या: मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. एका मांजराला दोन. तीन ट्रे ओळीत मांडले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा होते, म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत. आकार: मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. दुकानात मिळणारे बरेचसे ट्रे यात नापास होतात. साठवणीचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेऊन एका बाजूला 12-13 सेंटिमीटर उंचीवर प्रवेश कापा, कडा पॉलिश पेपरने घासा. स्वस्त आणि जास्त चांगलं. झाकणाचा ट्रे भित्र्या मांजराला नको. आत वास कोंडतो आणि बाहेर दबा धरून बसलेलं दुसरं मांजर दिसत नाही.

लिटर बारीक कणांचं, गोळा होणारं, बिनवासाचं. लॅव्हेंडर आणि लिंबाचा सुवास विकत घेणाऱ्या माणसासाठी असतो. थर 3-4 सेंटिमीटर. गोळे दिवसातून दोनदा काढायचे, आणि काढताना मोजायचे: निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार, लिंबाएवढे किंवा थोडे मोठे. रुपयाच्या नाण्याएवढे सात-आठ दिसले की झटका सुरू होतोय असं समजा. रक्त दिसायच्या आधी ही खूण मिळते. पावसाळ्यात बेंटोनाइट (मातीचं लिटर) हवेतली ओल ओढून चिखलासारखं होतं, म्हणून जून ते सप्टेंबर पूर्ण बदल आठवड्याला करा आणि उघडी पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जुना ट्रे एकदम काढू नका. नवा शेजारी ठेवा, मांजर आपणहून वळलं की दोन आठवड्यांनी जुना हलवा.

फिनाईल बंद

हा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण तो आपल्याच घरांत जास्त आहे. काळं-पांढरं फिनाईल, डेटॉलसारखी जंतुनाशकं यांतले फिनॉल गटातले पदार्थ मांजराच्या यकृताला नीट बाहेर टाकता येत नाहीत. मांजर पुसलेल्या लादीवरून चालतं आणि पंजे चाटतं. शिवाय उग्र वास हाही ताणच. कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवून मांजराला ‘धडा शिकवणं’ तर सरळ विषप्रयोग आहे. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा झोंबणारा विषारी वायू होतो.

लघवी झालेल्या जागेसाठी एन्झाइम असलेली धुण्याची पावडर एक भाग आणि कोमट पाणी दहा भाग. आधी टिपून घ्या, द्रावण ओतून दहा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने पुसा, वाळवा. वास राहिलाच तर सर्जिकल स्पिरिटचा बोळा, आधी कापडाच्या कोपऱ्यावर रंग जातो का पाहून. कापसाच्या गादीत खोल मुरलेली लघवी पूर्ण निघत नाही. खोळ उसवून तेवढा कापूस बदला. पुसायला येणाऱ्या मावशींना तोंडी सांगून भागत नाही, त्यांच्या हातात वेगळी बाटली आणि वेगळं फडकं द्या.

पाणी

लघवी पातळ झाली की झोंबायचं प्रमाण घटतं. लक्ष्य असं की स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.035 च्या खाली राहावी. 1999 मधल्या एका अभ्यासात एकाच प्रकारचा आहार कोरड्या आणि डबाबंद ओल्या रूपात दिला गेला. वर्षभरात कोरडं खाणाऱ्यांपैकी 39 टक्के मांजरांना त्रास परत झाला, ओलं खाणाऱ्यांपैकी 11 टक्क्यांना. मांजरं थोडी होती, तरी कल स्पष्ट आहे.

हिशेब असा: मांजराला किलोमागे रोज साधारण 50 मिली, म्हणजे चार किलोच्या मांजराला 200 मिली, खाण्यातलं धरून. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, पाऊचमध्ये 75 ते 80. म्हणजे 85 ग्रॅमच्या एका पाऊचमधून 65 मिलीच्या आसपास मिळतं. सगळं खाणं पाऊचवर न्यायला चार किलोच्या मांजराला रोज तीनेक लागतात, ते प्रत्येकाला परवडणार नाही. निम्मं-निम्मं केलं आणि प्रत्येक पाऊचमध्ये 20-30 मिली कोमट पाणी कालवलं तरी मोठा फरक पडतो. बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं चिकन उकडल्याचं पाणी चालतं. कांदा आणि लसूण रक्ताच्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे घरच्या रश्शातलं पाणी नाही. नुसतं उकडलेलं चिकन हा रोजचा आहार नव्हे. त्यात कॅल्शियम नाही आणि उकडताना टॉरिन हा मांजराला लागणारा घटक निघून जातो.

भांडी पसरट, मिशा न घासणारी, काचेची किंवा स्टीलची, खाण्यापासून आणि ट्रेपासून दूर, घरात तीन ठिकाणी. किती प्यायलं ते मोजायचं तर मांजर जिथे पोचत नाही अशा कपाटावर तसंच दुसरं भांडं तेवढंच पाणी भरून ठेवा. त्यातलं घटलेलं पाणी म्हणजे बाष्पीभवन, ते वजा करा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर सगळा दोष टाकला जातो, पण त्यातल्या क्षारांपेक्षा पाणी एकूण किती पोटात जातं याने जास्त फरक पडतो. मात्र पाणी बंद राहून परत आल्यावर क्लोरीनचा वास येत असेल तर मांजर तोंड लावत नाही. दोन दिवस गाळलेलं पाणी द्या.

खाणं बदलायला सात ते दहा दिवस घ्या, आणि झटका चालू असताना बदलूच नका. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून वेगळंच संकट उभं राहतं.

लपायची जागा, उंची आणि वेळापत्रक

वन बीएचकेतही हे जमतं. कपाटावर गोधडीची घडी, चढायला मध्ये एक फळी. दोन तोंडांचा खोका पलंगाखाली. त्यात शिरलेल्या मांजराला कुणीही ओढून बाहेर काढायचं नाही, पाहुण्यांच्या मुलांना दाखवायलासुद्धा नाही. दोरीच्या काठीने दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खेळ आणि खेळ संपताच खाणं, रोज त्याच वेळी.

तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर बॉक्स ग्रिलबाहेर येऊन बसणारं रस्त्यावरचं मांजर हे न दिसणारं कारण असतं. काचेच्या खालच्या फूटभर भागाला अपारदर्शक फिल्म लावा.

दोन मांजरं असतील तर भांडणाचा आवाज येत नाही म्हणून सगळं आलबेल समजू नका. एकाने पॅसेजच्या तोंडाशी आडवं पडून नुसतं रोखून पाहिलं की दुसरं ट्रेपर्यंत जातच नाही. अशा घरात खाणं, पाणी, ट्रे पॅसेजच्या दोन्ही टोकांना हवेत.

सणांची तयारी आधी करायची. रस्त्यापासून दूरची खोली निवडा, जाड पडदे किंवा गोधड्या लावा, त्यात ट्रे-पाणी-खोका आठवडाभर आधी ठेवून मांजराला तिथेच खायला द्या. आवाज सुरू झाल्यावर त्या खोलीत कोंडलं तर खोलीचीच भीती बसते. फेरोमोन डिफ्यूजर (मांजराला शांत करणारा कृत्रिम गंध सोडणारं, प्लगला लावायचं यंत्र) दोन-तीन दिवस आधी लावा. पडद्यामागे किंवा फळीखाली नको, बाटली साधारण महिनाभर पुरते. पुरावा संमिश्र आहे. बाकी बदलांच्या जोडीला ठीक, एकटा लावून काही होत नाही. त्या खोलीत धूप, उदबत्ती, मच्छर कॉइल नको.

आणि हे सगळे बदल एकाच रविवारी करू नका. ट्रे एका आठवड्यात, पाणी पुढच्या, फळ्या त्यानंतर.

औषधांबद्दल

झटक्यात पहिली गरज वेदनाशामकाची असते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. नुसतं अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर ‘दुखण्यासाठी काय?’ असं विचारा. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन किंवा डोलो, मांजराला एका गोळीतही मारू शकतं. माणसाच्या जळजळीवरचं लघवी अल्कली करणारं सिरपही देऊ नका. स्ट्रुव्हाइट अल्कली लघवीतच वाढतो. मूत्राशयाच्या आवरणासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या चाचणीत औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा फरक दिसला नाही. मूतखड्याच्या आयुर्वेदिक गोळ्यांचा एफआयसीशी संबंध नाही, आणि भेदरलेल्या मांजराला दिवसातून दोनदा पकडून तोंड उघडायला लावणं हा स्वतःच मोठा ताण आहे. औषधं कमीत कमी, शक्यतो खाण्यात मिसळून देता येतील अशी मागा.

घरातले बदल दोन-तीन महिने नीट पाळूनही त्रास थांबत नसेल तर अमिट्रिप्टिलिन किंवा फ्लुऑक्सेटिनसारख्या, ताण कमी करणाऱ्या आणि दीर्घकाळ द्यायच्या औषधांचा विचार होतो. ती चार दिवसांपुरती द्यायची किंवा मध्येच थांबवायची नसतात. दवाखान्यात न्यायच्या दिवशी घाबरून त्रास वाढतो, त्यासाठी गॅबापेंटिन आधी देता येतं का हे डॉक्टरांना विचारा. कॅरिअर माळ्यावर न टाकता वर्षभर हॉलमध्ये उघडा ठेवा, रिक्षात त्यावर जुना टॉवेल टाका.

झटके पूर्ण बंद होतीलच असं नाही. दोन झटक्यांमधलं अंतर वाढलं आणि ते सौम्य झाले तर दिशा बरोबर आहे. दहा वर्षांपुढच्या मांजरात मात्र हेच गृहीत धरू नका, तिथे जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा आजार आणि मधुमेह जास्त सापडतात, तेव्हा कल्चर आणि रक्त तपासणी दर वेळी करा. कॅथेटर काढून घरी आणलेल्या बोक्याचे पुढचे काही दिवस सर्वांत जोखमीचे असतात. लिटरमधले गोळे दर चार-पाच तासांनी पाहा. पुन्हा पुन्हा मार्ग बंद होत असेल तर पेरिनियल युरेथ्रॉस्टॉमी ही मार्ग रुंद करणारी शस्त्रक्रिया असते. तिने अडकणं बरंच टळतं, मूत्राशयाची सूज टळत नाही. शिवाय नंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या बोक्याने परत ट्रेच्या फेऱ्या सुरू केल्या तर आधी कल्चर.